सुटीचे पांढरे टाके

कोटाला कच्चे टाके कसे घालायचे हे मला शिकवलं ते माझ्या सासऱ्यांनी. सासूबाई मी त्या घरात यायच्या आधीच गेल्या होत्या, मग दुसरं शिकवणार कोण? सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची; ते वर्ध्याच्या कोर्टात कारकून होते. स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट.

कोर्टाला उन्हाळ्याची सुटी लागली की त्यांचा काळा अल्पाकाचा कोट आणि काळी टोपी पेटीत जायची. पण तशीच नाही हं. आधी खिशांची तोंडं लांब लांब टाके घालून बंद करायची, म्हणजे कापड लोंबत नाही. छातीवरची दुमड टाचायची. टोपीत रद्दी भरायची आणि तिची घडी दोन टाक्यांत धरून ठेवायची.

"पांढराच दोरा घेजो सूनबाई," ते म्हणायचे. "काळा घेशील तं एखादा टाका राहून जाईन, अन् साहेबासमोर माहा हात खिशातच नाई जाणार."

कोर्ट उघडायच्या आदल्या दिवशी मी ते टाके उसवायची आणि मामाजी समोर बसून बघायचे. टाके निघाले म्हणजे सुटी संपली, इतकं साधं होतं आमचं.

मग ते रिटायर झाले आणि वर्षभरात विसरायला लागले. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते. एका सकाळी कोट-टोपी घालून निघाले ते थेट कोर्टात, आपल्या जुन्या खुर्चीवर जाऊन बसले. त्या जागेवर आलेला नवीन बाबू म्हणाला, "काऊन बाबूजी, पेन्शन पचून नाई राह्यली काय?" सगळी खोली हसली म्हणे. म्हाताऱ्या चपराशानं त्यांना हाताला धरून घरी आणलं, त्यानंच हे सांगितलं. असं तीनदा झालं. आमचे हे शाळेत मास्तर, त्यांच्या कानावर ते शाळेतसुद्धा आलं.

"तो कोटच जाळून टाकतो," हे म्हणाले.

"जाळाल तर सदऱ्यावर जातील," मी म्हटलं. "राहू द्या, मी बघते."

मामाजी दुपारी आडवे झाल्यावर मी कोट मांडीवर घेतला आणि खिशांना पांढरे टाके घातले. सकाळी त्यांनी कोट खुंटीवरून काढला, उजेडात धरला.

"सूनबाई, टाके हायेत अजून."

"मंग? सुटी हाये ना मामाजी."

"अस्सं! बरं झालं सांगितलं." आणि चहाला बसले.

काय सांगू, मला माझंच कौतुक वाटलं. शेजारणीलाही सांगून झालं. रोज सकाळी ते टाके बघायचे आणि गप बसायचे. पौषात शेगडीजवळ शाल गुंडाळून बसले होते, मला म्हणतात, "यंदा उन्हाळ्यात थंडी लय पडली, नाई काय?" मी तोंडाला पदर लावून हसले. हसले, खोटं कशाला सांगू?

एका दुपारी मी मेथी निवडत होते. मामाजी येऊन जवळ जमिनीवर बसले. असे कधी बसत नसत.

"सूनबाई, खरं सांगशील?"

"विचारा ना."

"एवढी लंबी सुटी नसते कोर्टाले. मले काढून तं नाई टाकलं? माह्या हातून एखादी मिसल हरवली काय?"

मिसल म्हणजे खटल्याची कागदपत्रं. उभ्या नोकरीत त्यांच्या हातून एक कागद इकडचा तिकडे झाला नव्हता. आणि आता हे विचारत होते. मी भाजी सोडली, त्यांचा हात धरला. "तुम्ही रिटायर झाले मामाजी, हार घातला होता तुम्हाले." त्यांनी नीट ऐकून घेतलं. संध्याकाळपर्यंत ते विसरले, पण भीती गेली नाही. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशी तोच.

रविवारी मी सगळे टाके उसवले, त्यांना कोट-टोपी घातली आणि कोर्टात घेऊन गेले. ह्यांनी अडवलं नाही, पण आलेही नाहीत. व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. दाराला हे मोठं कुलूप. मामाजींनी ते हातात घेऊन ओढून पाहिलं. खिडकीच्या काचेला नाक लावून आत पाहिलं, टेबलं, फडक्यात बांधलेले गठ्ठे.

"सगळ्याइलेच सुटी हाये," ते म्हणाले.

"हो."

"मंग मले एकट्याले नाई काढलं."

"तुम्हाले कोन काढते मामाजी!"

पायरीवर टेकले. टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. "मंग चाल घरी."

त्यानंतर त्यांनी कोट मागितला नाही. दोन दिवस मला बरं वाटलं. मग चहा मागेनासे झाले. मग पेपर. मग आपला मास्तर मुलगा शाळेतून आला का, हे विचारेनासे झाले. चैत्रात गेले.

लोक अजून म्हणतात, सुनेनं सासऱ्याचं किती केलं. पण मामाजी किती महिने माझ्यासमोर बसून स्वतःला गुन्हेगार समजत होते कोण जाणे, लाजेनं तोंडातून शब्द काढत नव्हते. आणि मी त्यांच्या बशीत चहा ओतत होते, मनात म्हणत होते, किती छान निभलं.