घेवड्याची माळ

माझे भावोजी भुंगेरे ओळखायचे. बियाण्यांच्या प्रयोगशाळेत त्यांचं तेच काम: पान कुरतडणारा कोणता, बी पोखरणारा कोणता, हे भिंगाखाली बघून सांगायचं. मागच्या पायाच्या मांडीला काटा एक की दोन, यात अख्खा दिवस जायचा. घरी भाजी निवडायला बसवलं तर भाजी राहायची बाजूला आणि ताटलीत एक किडा उताणा. ताईने संसार मांडला की तुमच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली, असं मी त्यांना चिडवायची. ते हसायचे, माणूस साधा.

त्यांच्या लेकीने हे वेड बापाकडूनच उचललं होतं. शाळेतून आली की त्यांच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसायची. एकदा तिने कुंपणावरच्या घेवड्याच्या बिया भिजवून दोऱ्यात ओवल्या आणि माळ बापाच्या गळ्यात घातली. त्याच वर्षी ती तापाने गेली. होत्याचं नव्हतं झालं. माळ ताईने स्वयंपाकघरात खुंटीला अडकवली, डाळींच्या डब्यांवर.

गेल्या उन्हाळ्यात त्या बियांवर पांढरे ठिपके दिसले. भुंगेऱ्यांची अंडी. असं काही दिसलं की फ्रीजरमध्ये ठेवायचं, अळी आतच मरते, हे आम्हाला त्यांनीच शिकवलेलं. पण त्यांनी माळ बरणीत घातली, तोंडाला फडकं बांधलं आणि टेबलावर नेऊन ठेवली. ताईला वाटलं, काहीतरी उपाय करत असतील.

महिन्याभराने बरणीत भुंगेरे फिरत होते. बियांची चाळण झाली होती, तळाशी नुसता भुगा. ताई बरणी पोटाशी धरून बसली. मी पडले फटकळ, मला राहवलं नाही. अळीवरून जात कळत नाही, म्हणून भुंगेरा बाहेर पडायची वाट बघत बसलात ना, तेही पोरीच्या माळेवर, असं मी तोंडावर विचारलं.

ताई त्यांना म्हणाली, "आजवर हजारो मारलेत. मग हेच का नाही मारलेत?"

भावोजी बरणीकडे बघत होते. "तिच्या माळेत काहीतरी जिवंत होतं गं," ते म्हणाले. "माझ्याने मारवेना."

माझी जीभ झडली का नाही, असं झालं मला. ताईने बरणी हळूच टेबलावर ठेवली आणि लेक बसायची त्या स्टुलावर जाऊन बसली.