निळी पडली

आमच्या घोडेगावाकडं माणूस 'निळं पडलं' म्हणजे त्याला पान लागलं, साप चावला. दुसरा अर्थच नाही. आणि मी मूर्खासारखी अंगणात धावत येऊन नेमकं तेच ओरडले, "अगं बाई गं, पोर निळी पडली!"

पहिलीतली माझी लेक. पेन उठेना म्हणून रिफिल चोखत बसली होती. ओठ, जीभ, हनुवटी, सगळं निळंशार. सासूबाईंनी इकडंतिकडं न बघता पदराची चिंधी फाडली आणि तिचा पाय करकचून बांधला. मी घसा फोडून सांगतेय, "अहो, शाई हाय ती, पेनाची!" पण कोण ऐकतंय? शेजारचे भाऊजी गाडी काढत म्हणाले, "वैनी, शाई तर शाई. इखच की ते! बसा आदी."

मग मीही लेकीला उचलून गाडीत बसले. शाईत विष असतं का? दोन अक्षरं शिकले, जन्मभर पेन वापरलं, पण हे मला ठाऊक नव्हतं. त्यात बाजाराचा दिवस, रस्ताभर म्हशींचे टेम्पो. लेक खोकत होती, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि मी आपली पदरानं तिचं तोंड पुसतेय. देवा, मला ने, पण हिला ठेव, एवढंच चाललं होतं मनात.

दवाखान्यात डॉक्टरांनी बांधलेला पाय बघितला. "कुठं चावलं?"

"चावलं न्हाई. तिनंच चावली. रिफिल."

ते हसले. "एवढ्याशा शाईनं काही होत नाही हो. चूळ भरू द्या, रंग जाईल आपोआप."

मी तिच्या पायाची चिंधी सोडायला घेतली. पण त्यांचं हसू थांबलं. "ही रडत का नाही?" छातीला नळी लावून त्यांनी दोन्हीकडं ऐकलं. "पेनाच्या मागचं बूच कुठंय?"

मी लेकीकडं बघितलं. तिनं गळ्यावर बोट ठेवलं.

आम्ही सगळे निळ्या तोंडाला भुललो, आणि मेलं ते बूच श्वासनळीत! अँब्युलन्सनं नगरला नेलं. दुर्बीण घालून काढायचं म्हणाले, आणि सहीसाठी बॉलपेन पुढं केलं. मला ते हातात धरवेना. बी.ए. झालेली बाई मी, अंगठा उठवला. मग दाराबाहेर भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. त्या वेळी कुणी मला नाव विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

बूच निघालं. गुंगी उतरली तशी लेकीनं असं काही भोकाड पसरलं की अख्खा वॉर्ड उठून बसला.

सिस्टर धावत आल्या. "अहो ताई, गप करा तिला!"

"रडू द्या," मी म्हटलं. "लई रडू द्या तिला."