दीड मानूस यष्टीत बसते कसा?

कापूस वेचताना ओटी कधी भरली कळत नाही, तसेच घरातले किस्से. एक सांगायला बसावं, तर मागून चार उभे राहतात!

तर ऐका. अकोट नावाचं गाव, गावात यष्टी स्टँडजवळ माझ्या लेकाचं, सुधाकरचं, मोबाईलचं दुकान. घरात तो, सून रत्ना, मी आन् नात पल्लवी. पल्लवीनं अमरावतीला होस्टेलवर राहून गणितात एम.एस्सी. धरलं. पोरीचा सारा जीव त्यात. बापाचं एकच, "गणितानं कोनाचं पोट भरते? दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर दुकानात बस!"

*

माझं माहेर रिद्धपूरचं. तेव्हा फोन कुठले? निरोप यष्टीनं जाणाऱ्याच्या हाती. माणूस विसरतो, म्हणून मी एकच निरोप तिघांजवळ वेगवेगळा द्यायची. सुधाकरच्या बारशाला एकानं सांगितलं मंगळवार, दोघांनी शुक्रवार. भाऊ बरोबर शुक्रवारी हजर!

हे ऐकून पल्लवी उडालीच. "आजी, मी हेच शिकून राहिली! फोनमधला निरोपही वाटेत बिघडते. पन तीनदा नाही पाठवा लागत. गणितानं काढलेले थोडे आकडे संगं जातात, त्यावरून चूक सापडते. तुह्या तीन मानसांचं काम दीड मानसात होते!"

"पोरी, दीड मानूस यष्टीत बसते कसा?"

*

सुधाकर रोज सकाळी गल्ल्याला उदबत्ती ओवाळतो. एक दिवस क्यूआर कोडलाच चटका बसला, मधोमध भोक! "बोंबला! धंदा बंद!"

पल्लवी सुट्टीत आलेली. तिनं फोन धरला. टुन्न! कोड चालला.

"बाबा, भोकात गेलं ते उरलेल्यावरून काढता येते. हे गणित हाये."

सुधाकरनं कोड निरखून पाहिला. म्हणाला, "स्टिकर भारी क्वालिटीचं हाये!"

*

अकोल्याचे पाहुणे पल्लवीला पाहायला आले. मुलाच्या आईनं विचारलं, "तुह्या गणिताचा घरात उपयोग काय वं?"

"काकू, तुमी आत्ता पोह्यांचा फोटो लेकीले पाठवला ना? तो एवढा मोठा फोटो गणितानंच लहान केला, म्हणून झटकन गेला."

बाईनं एक घास खाल्ला. "आन् मीठ नाही टाकलं, ते नाही सांगतलं गणितानं?"

पुढं त्यांचा निरोप तिघांच्या हाती काय, एकाच्याही हाती आला नाही!

*

दिवाळी तोंडावर आली. पुण्याच्या एका कंपनीनं पल्लवीची मुलाखत घेतली, व्हिडिओ कॉलवर. फोनचे सिग्नल नीट पोचवायचं त्यांचं काम. तिनं माझी तीन माणसंही सांगितली, दीड माणूसही. साहेब हसले. "आजीला पटलं का?"

"नाही सर. ती म्हणते, माणूस अख्खाच पाहिजे."

*

मग वाट पाहणं. सुधाकरनं दुकानात तिच्यासाठी नवी खुर्ची आणून ठेवली. रत्ना डबा द्यायला यायची, पण त्या खुर्चीकडे बघायची नाही.

धनत्रयोदशीला सकाळी आम्ही तिघं दुकानातच होतो. अमरावतीहून पल्लवीचा फोन आला. मीच उचलला.

"आजी! नोकरी लागली!"

मी मोठ्यानं सांगितलं. सुधाकर त्याच खुर्चीत मटकन बसला आन् रुमाल शोधू लागला. रत्नानं पदर तोंडाला लावला.

फोनचा आवाज कसा, मंदिरातल्या घंटेसारखा साफ!

मी म्हटलं, "तुटून राहिला माय आवाज. पुन्यांदा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं.

"आनखी एकदा!"