सुमनबाईंनी मागितलेली बस आणि माझ्या नवऱ्याचा ऑटो

माझ्या सासूनं स्वतःच्या पोराच्या पोटावर पाय दिला, असं आमच्या वस्तीत लोक बोलायचे.

तो पोरगा म्हणजे माझा नवरा, संदीप. ऑटो चालवतो.

आज आईंना जाऊन वर्ष झालं. सकाळी विहारात पुण्यानुमोदन झालं, पाहुणे जेवून गेले. म्हटलं, खरं काय झालं होतं ते एकदा लिहून टाकावं.

आईंचं नाव सुमनबाई. माहेर नांदगाव खंडेश्वरकडचं. अमरावतीत मुलींच्या एका मेसमध्ये पोळ्या करायच्या. पोरींचे क्लास लवकर, त्यामुळे आईंची ड्युटीही लवकर.

आमची वस्ती शहराच्या टोकाला. आधी इकडे सिटी बस यायची, ती बंद झाली. मग राहिले शेअर ऑटो. सवाऱ्या भरल्याशिवाय हलायचे नाहीत. मागे कोंबून बाया, आणि समोर ड्रायव्हरच्या सीटवर दोन्ही बाजूंना एकेक.

शेजारची शीतल बी.एस्सी. करत होती. अचानक कॉलेज सोडून घरी बसली.

आईंनी तिच्या आईला खोदून विचारलं तेव्हा कळलं. पोरीला रोज समोर बसवायचे, आणि ड्रायव्हरचं कोपर जागेवर राहायचं नाही.

तो ड्रायव्हर संदीप नव्हता.

पण आईंनी त्या संध्याकाळी संदीपलाच विचारलं.

"तू बी बसवतं का पोरीले समोर?"

"मांगं जागा नसली तं बसवा लागते, आई. सारेच बसवतात."

 दुसऱ्या दिवशी आई मेसमधून परस्पर सिटी बसच्या ऑफिसात गेल्या.

तिथले साहेब म्हणाले, त्या रूटवर प्रवासीच नव्हते म्हणून बस बंद झाली. पाहिजे तर अर्ज करा.

आईंना फक्त सही यायची. अर्ज मी लिहिला. संदीप घरी नसताना.

सह्या आणि अंगठे आईंनी दारोदार फिरून घेतले. नंतर किती चकरा मारल्या, ते त्यांनाच ठाऊक. शेवटी साहेबांना म्हणाल्या, "तुमी एक दिवस सकाळी आमच्या चौकात या ना साहेब. उभे राहा अन् पाहा."

आणि साहेब खरंच आले. स्कूटर लावून तासभर उभे राहिले. किती बाया ताटकळतात, कशा कोंबून जातात, सगळं पाहिलं. महिनाभर ट्रायल म्हणून बस देतो म्हणाले.

त्याच दिवशी ऑटो स्टँडवर संदीपला कोणीतरी सुनावलं, "तुह्या मायनंच अर्ज देला ना बे!"

तो घरी आला. ताट वाढलेलं होतं, ते सरकवलं.

"कावून केलं आई असं?"

"शीतलच्या जागी आपली पोरगी असती तं?"

"माह्या ऑटोच्या हप्त्याचं काय मंग? अन् अर्ज लिहिला कोनं? तुले तं लिहिता येत नाई."

 आईंनी माझं नाव घेतलं नाही.

मीच म्हटलं, "मी लिहिला."

त्यानंतर कितीतरी दिवस तो आम्हा दोघींशी बोलला नाही. तिघांचं घर आणि घरात नुसता टीव्हीचा आवाज.

बस सुरू झाली. आणि रिकामी धावू लागली!

ज्या बायांनी सह्या केल्या त्याच बसमध्ये चढेनात. कोणाचा भाऊ ऑटोवाला, कोणाचा दीर. पहिला आठवडा ड्रायव्हर, कंडक्टर आणि आई, एवढेच. ऑटोवाले बाजूनं जाताना हॉर्न वाजवायचे.

आई शीतलच्या घरी गेल्या. "पोरीले पाठव. मी बसतो तिच्याजवळ."

शीतलला कॉलेजच्या गेटपर्यंत सोडायच्या आणि तिथून मेसवर पायी जायच्या. उशीर व्हायचा, मेसवाल्या ताई बोलायच्या. आई ऐकून घ्यायच्या.

मग दुसरी पोरगी चढली. मग दवाखान्यात सफाईचं काम करणाऱ्या दोघी. महिना संपायच्या आत उभं राहून जायची पाळी आली आणि बस कायम झाली. वस्तीतल्या ज्या बायांना वेळेवर पोचता येत नाही म्हणून काम मिळत नव्हतं, त्यांना कामं मिळाली. मलाही मिळालं, कापडाच्या दुकानात.

आमच्याच घरात मात्र पहिले सहा महिने वाईट गेले. खोटं कशाला लिहू? संदीपच्या सवाऱ्या निम्म्यावर आल्या. ऑटो विकायचंही बोलणं झालं.

नंतर त्यानंच मार्ग काढला. बसच्या शेवटच्या स्टॉपपासून आत नवीन लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्त्या, झाल्यात, तिथं बस जात नाही. तो तिथल्या सवाऱ्या स्टॉपवर नेऊ-आणू लागला. आता त्याचं टाइमटेबल बसवर चालतं. समोर मात्र कोणालाच बसवत नाही.

शीतल आज अकोल्याला एका लॅबमध्ये नोकरी करते.

आईंची किडनी गेली तेव्हा डायलिसिसला संदीपच न्यायचा. एकदा पलंगाजवळ बसून म्हणाला, "आई, तुह्या बसनं मले लय त्रास देला."

आई म्हणाल्या, "मालूम हाये मले. अर्ज देला त्या दिवशी मी जेवली नोती."

मला हे माहीतच नव्हतं. एका घरात राहून.

 संदीपनं त्यांच्या पायावरची चादर नीट केली आणि बसून राहिला.

ही पोस्ट टाकायच्या आधी त्याला वाचून दाखवली. विचारलं, तुमच्याबद्दलचं काढून टाकू का?

म्हणाला, "राहू दे. खरं हाये ते."

आई, तुमच्या सुनेचं आणि तुमच्या पोराचं, दोघांचं मिळून तुम्हाला विनम्र अभिवादन.

जयभीम.