परसाकडे निघालेला साक्षीदार

कार्ल्याच्या अलीकडे, रुळांपासून हाकेच्या अंतरावर आमची वाडी. वाडीत पाहण्यासारखं काही नाही, पण पाहणारा मात्र होता. त्याचं नाव हौशीराम. अमावास्या असो, धुकं असो, हा पाठ करून बसलेला असो, चोर त्याला दिसायचाच.

पहिल्यांदा खरंच दिसला होता. हे सांगायला हवं, नाहीतर माणसावर अन्याय व्हायचा. शालूबाईचा तांब्याचा हंडा खांद्यावर घेऊन एक जण ओढ्यातून पळाला, तेव्हा हौशीराम टमरेल घेऊन परसाकडे निघाला होता. जे दिसलं ते त्यानं सांगितलं. चोर सापडला, हंडा सापडला, फौजदार खूश झाले. फौजदारांसारखं बोलायचं तर अर्धा ढेकर गिळावा आणि उरलेल्या अर्ध्यावर बोलावं:

"वा! बसा, हौशीरामराव. अरे, रावांना चहा आणा."

राव! तोवर आई त्याला हौशा म्हणायची आणि वाडी नुसतंच 'ए' म्हणायची. त्या दिवशी कपबशीतून चहा मिळाला, वर बसायला खुर्ची. माणसं दारूनं बिघडतात, बाईनं बिघडतात. आमचा हौशीराम मानानं बिघडला.

पुढच्या खेपेला कोंबडीचोर हवा होता. फौजदारांनी नुसतं विचारलं, "काही पाहिलंत का?" आणि खुर्ची पुढं सरकवली. हौशीरामनं खुर्चीकडं पाहिलं आणि त्याला सगळं आठवलं. "साहेब, म्या परसाकडं निघालो व्हतो. त्यानं बिडी पेटवली. काडीच्या उजेडात त्वांड पाक दिसलं." मग सागवानाची चोरी, मग दारूची भट्टी. दर वेळी साक्षीची सुरुवात परसाकडूनच. शेवटी तालुक्याचे मॅजिस्ट्रेटसाहेब चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "शेतकरीबुवा, तुमच्या पोटाला एखाद्या वैद्याला दाखवा." सगळं कोर्ट हसलं. हौशीरामही हसला, साहेब आपल्याशी बोलले म्हणून.

आता हौशीरामचा मेव्हणा, नथू. बायकोचा, म्हणजे बयाबाईचा धाकटा भाऊ. खंडाळ्याला एका शेठच्या बंगल्यावर कंदिलाच्या काचा पुसायचा. काचा पुसता पुसता एका हिवाळ्यात बंद बंगल्यातलं चांदीचं चहाचं सामानही पुसून नेलं. आलं ते थेट बहिणीच्या घरी, गवताच्या गंजीत. बयाबाईनं कपाळ बडवलं, भावाच्या दोन थोबाडीत दिल्या आणि मग त्याला गरम भाकरी वाढली. बहीण म्हणजे अशीच असते, असं बायका म्हणतात.

फौजदारांना माणूस हवा होता, आणि त्यांची नजर वाहिदवर गेली. वाहिद मळवली स्टेशनावर टांगा हाकायचा. शेठचं सामान बंगल्यावर तोच पोचवायचा, म्हणजे त्याला घर माहीत. एवढं फौजदारांना पुरलं. पुरलं नसतं तर, म्हणून नथूनं त्यातला एक चमचा टांग्याच्या गवतात टाकून ठेवला होता. मोठ्या मनाचा चोर. अख्ख्या संचातला एक चमचा दुसऱ्याला दिला.

हा वाहिद म्हणजे हौशीरामचा बालमित्र. दोघं एकाच आंब्यावरून पडलेले. त्याची बायको हसिना आणि बयाबाई यांचं जातं एक, विहीर एक, आणि नवऱ्यांना घालायच्या शिव्याही एक. तो सुटणार की तुरुंगात जाणार, हे एकट्या हौशीरामच्या जिभेवर होतं. चमचा कुणीही टाकू शकतो. पण प्रत्यक्ष पाहणारा राव एकच.

बयाबाई म्हणाली, "माझा भाऊ जेलात गेला तर म्या हिरीत उडी घेईन."

"आन वाहिद?"

"वाहिदला कोन काय करतंय? गरीब मानूस हाय. सोडतील."

कोर्टात हौशीराम फेटा बांधून उभा राहिला. वाहिद समोरून त्याच्याकडे बघत होता, आता हा आपल्याला सोडवणार अशा भरवशानं. हौशीराम खाकरला. "म्या परसाकडं निघालो व्हतो..."

वाहिदला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्या केसवर फौजदारांच्या बढतीची शिफारस वर गेली.

हौशीरामला वाईट वाटलं, नाही असं नाही. त्यानं हसिनाकडे आंबेमोहोर तांदूळ पाठवला. वाडी म्हणाली, बघा, केवढं काळीज! हसिना सूप घेऊन आली, हौशीरामच्या अंगणात उभी राहिली आणि ते तांदूळ तिनं त्याच्याच कोंबड्यांना घातले. बयाबाईनं आतून दाराची फळी लावून घेतली.

इकडं नथू बहिणीकडे राहायलाच आला. आधी जेवायला पाट मागायचा, मग मटण, मग हौशीरामचं नवं धोतर. हौशीराम कुरकुरला, की नथू दात कोरत म्हणायचा, "दाजी, साक्ष लय झकास दिलीती तुमी. साहेबाला सांगू का, कुनी शिकिवली?" मग धोतर निघायचं.

आणि एक दिवस नथूनं बैल नेले. चोरून नव्हे. सकाळी, उजेडात. हौशीराम ओट्यावर मिसरी लावत बसला होता. नथूनं दावी सोडली आणि जाता जाता म्हणाला, "येतो दाजी. बसा, उटू नगा." हौशीराम उठला नाही. तोंडात मिसरी होती.

गप्पच बसला असता, पण जोडीतला एक बैल शेजारच्या दत्तोबाचा. एकाचा एक, दुसऱ्याचा एक, अशी त्यांची सावड. भाताची चिखलणी तोंडावर आलेली. दत्तोबानं बोंब ठोकली आणि फौजदारांना घेऊनच आला. सारी वाडी अंगणात जमली. बायकांत मागं हसिना उभी होती.

"हौशीरामराव," फौजदार हसून म्हणाले, "चोरी तुमच्याच दारात. आता काय, सगळं पाहिलंच असेल!"

हौशीरामनं हसिनाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. एक नाव घेतलं, की नथू पोपटासारखा बोलणार, वाहिद सुटणार आणि राव आत जाणार.

"न्हाई साहेब. काय बी दिसलं न्हाई."

"बसला कुठं होता?"

"हितंच. ओट्यावर."

कुणीतरी मागून म्हणालं, "आरं, तरीच! परसाकडं गेला असता तर दिसलं असतं!" अंगण खो खो हसलं.

तेवढ्यात बयाबाई पुढं आली. पदर खोचलेला, डोळे लाल. "माझ्या भावानं नेली बैलं. नथूनं. म्या चुलीम्होरनं बघितलं. ह्यांनी बी बघितलं. आता भात काय माझ्या हाडकांनी चिखलू?"

वाहिदसाठी तोंड उघडलं नाही, बैलांसाठी उघडलं. पण एकदा उघडलं ते तिला मिटता येईना. "आन खंडाळ्याची चांदी बी त्येचीच. हितं व्हती, ह्या गंजीत. वाहिदभाऊनं काय न्हाई केलं."

हौशीराम ओरडला, "साहेब, बाईमानसाचं काय ऐकता! डोसकं फिरलंय तिचं!"

आणि गंमत पहा, फौजदारांनाही तेच वाटलं. त्यांनी घाईघाईनं टोपी घातली. "बाई बैलाच्या दुःखानं भ्रमल्यात. त्यांना पाणी द्या. बैलांचं बघू आपण." बढतीचा कागद वर असताना इतकं ऐकू येणं बरं नव्हतं.

फौजदार वळले. हसिना गर्दीतून पुढं आली आणि बयाबाईच्या समोर उभी राहिली. आता थोबाडीत बसणार म्हणून बायका दोन पावलं मागं सरल्या.

"हे मॅजिस्ट्रेटसमोर बोलशील?"

बयाबाई म्हणाली, "नथू जेलात जाईल गं."

"व्हय. जाईल."

बयाबाईनं रिकाम्या गोठ्याकडे पाहिलं. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "चल."

वाहिदचा म्हातारा मामू राजमहंमद हल्ली टांगा हाकायचा. त्यानं घोडं जुंपलं. दोघी मागं बसल्या, एकमेकींकडे न बघता. टांगा रस्त्याला लागला, तसा हौशीराम अंगणातून सुटला. फेटा अर्धा डोक्यावर, अर्धा धुळीत. पश्चात्ताप म्हणा, नाहीतर तालुक्याच्या कोर्टात आपल्यावाचून साक्ष होतेय हे बघवेना म्हणा. मला अजून ठरवता आलेलं नाही.

"थांबा! म्या बी येतो! समदं म्याच बघितलंय, म्या सांगतो!"

राजमहंमदनं लगाम ओढला.

"हाना तुमी, मामू," मागं न बघता बयाबाई म्हणाली. "यायचं आसंल तर येतील चालत."