इस्त्रीवाल्या मामूंची बेटी

आमच्या कॉलनीतला एकही पुरुष तुम्हाला शर्ट बाहेर सोडून फिरताना दिसणार नाही. लग्नाला जायचं असो की कोथिंबीर आणायची असो, शर्ट खोचलेलाच. पाहुण्यांना वाटतं, काय शिस्तीची माणसं आहेत! शिस्त कसली डोंबलाची. प्रत्येकाच्या शर्टाच्या खालच्या टोकाला एक तपकिरी त्रिकोण आहे आणि तो आमच्या इस्त्रीवाल्या मामूंनी उमटवलेला आहे. जाळायची वेळ आलीच तर मामू शर्ट खालच्या टोकालाच जाळत. मी पहिल्यांदा भांडायला गेले तेव्हा त्यांनी नवऱ्याचा शर्ट शांतपणे माझ्यासमोर धरला आणि खालचा भाग दुमडला. "भाभी, इन केल्यावर दिसतंय का? नाय ना? मग जळला कुठं?"

छावणीच्या अलीकडे आमची कॉलनी आहे. फाटकाशी कडुलिंबाखाली मामूंचा गाडा असायचा. त्यावर जाड गोधडी, कोळशाची इस्त्री, पाण्याचा वाडगा आणि वाडग्याला टेकवलेला मोबाइल. वर्षातले दहा महिने मामूंसारखा इस्त्रीवाला शोधून सापडला नसता. उरलेले दोन महिने, म्हणजे टेनिसच्या चार मोठ्या स्पर्धांचे दोन-दोन आठवडे, त्यांच्याकडे कपडे देणं हे धाडसाचं काम होतं. हात कपड्यावर, मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. चेंडू लांबला की इस्त्री रेंगाळायची, आणि रेंगाळली की वास यायचा. रात्री झालेला सामना ते दुसऱ्या दिवशी बघत. आधीच निकाल सांगणाऱ्या माणसाचे कपडे आठ दिवस घेत नसत.

मामूंना हे वेड तरुणपणी छावणीत लागलं. तिथल्या साहेबलोकांचे टेनिसचे पांढरे कपडे इस्त्री करून ते थेट कोर्टावर पोचवत, आणि मग आपण केलेल्या घडीचं पुढे काय होतं ते बघायला जाळीशी उभे राहत. त्यामुळे टेनिसकडे बघायची त्यांची नजरच निराळी होती. फोरहँड, बॅकहँड नंतर. "हा गडी बेस खेळतो," एका जगज्जेत्याबद्दल ते म्हणाले होते, "पण कॉलर बघा. बिछान्यातून उठून आल्यागत." हिरवळीवरच्या स्पर्धेत सगळ्यांना पांढरंच घालावं लागतं, म्हणून ती स्पर्धा त्यांना सणासारखी वाटे. त्या दोन आठवड्यांत ते स्वतःही पांढरा कुडता घालून गाड्यावर येत.

मी शाळेत गणित शिकवते. पंधरा, तीस आणि मग चाळीस ही मोजदाद माझ्या डोक्यात जाते. पंचेचाळीस का नाही, असं मी एकदा मामूंना विचारलं. त्यांनी क्षणभर इस्त्री उभी केली. "भाभी, पाच चायसाठी सोडले असतील. खेळणाऱ्याला सगळं मोजून द्यायचं नसतं." मी गठ्ठा ठेवून घरी आले.

आणि मग त्यांना बेटी सापडली. कुठल्याशा थंड, चिमुकल्या देशातली विशीतली खेळाडू. नाव भलंमोठं होतं, म्हणून मामू तिला नुसतं बेटी म्हणत. सर्व्हिस करण्याआधी ती डाव्या तळव्याने स्कर्टची चुणी सारखी करायची. बस. मामूंनी तिला तेवढ्यावरच पसंत केलं. "बघा, बघा," मोबाइल माझ्या नाकासमोर धरून ते म्हणाले, "इत्ती टेन्शन में भी इस्त्रीची इज्जत राखती पोरगी. ही लई म्होटी व्हनार." तेव्हा ती जगात कितवी होती कोण जाणे, पण पुढच्या दोन वर्षांत ती खरोखर मोठी झाली आणि एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचली. तिथे ती हरली. त्याच संध्याकाळी माझ्या नवऱ्याचा चिकलठाण्याच्या कारखान्यात घालायचा निळा शर्ट जळाला.

वर्षभराने ती पुन्हा अंतिम सामन्यात आली आणि पुन्हा हरली. या वेळी वरच्या मजल्यावरच्या देशमुख काकूंच्या पडद्याला भोक पडलं. मामू दोन दिवस गाड्यावर आले नाहीत. आले ते चेहरा पाडून. "भाभी, चूक माझी हाय," ते म्हणाले. त्यांनी सगळा हिशेब लावला होता. दोन्ही वेळा सामना रंगात आल्यावर ते बघत बसले आणि इस्त्री थांबली. इस्त्री थांबली तिथून बेटी हरायला लागली. "हात चालला आस्ता तर पोरगी जितली आस्ती." मी त्यांना योगायोग म्हणजे काय ते उदाहरणं देऊन समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं बराबर हाय. पन मी काय आता थांबवनार नाय."

तिसरा अंतिम सामना ऑस्ट्रेलियात होता, आपल्याकडे दुपारी दोनला. रविवार नव्हता, तरी शनिवार असल्यामुळे कॉलनी घरी होती. आणि कॉलनीने घात केला. दोन जळितं बघून शहाणे झालेल्या सगळ्यांनी सकाळीच आपापले गठ्ठे गुपचूप परत नेले. दीड वाजता मामू आमच्या दारात उभे. हातात पेटलेली इस्त्री, डोळ्यांत पाणी. "भाभी, गाडा रिकामा हाय. कपडे द्या. काय बी द्या." मी खूप भांडकुदळ बाई आहे असं सासूबाई म्हणत, पण त्या चेहऱ्याला नाही म्हणणं मला जमलं नाही. मी कपाट उघडलं. नवऱ्याने आमचा टीव्ही उचलून खिडकीत, गाड्याकडे तोंड करून ठेवला.

पहिला सेट बेटीने घेतला आणि आमचं कपाट संपलं. दुसरा सेट गेला तो देशमुख काकूंच्या परकरांवर आणि उशांच्या अभ्र्यांवर. तोवर फाटकाशी सगळी कॉलनी जमली होती आणि जो तो घरातून काहीतरी आणत होता. रुमाल, टेबलक्लॉथ, गणपतीच्या सजावटीची मखमल, दोरीवरचे ओले टॉवेल. मामूंचा हात चालू, मान चालू, ओठ काहीतरी पुटपुटत. एकही डाग नाही, एकही वास नाही. तिसऱ्या सेटच्या मध्यावर मात्र कपडे खरोखरच संपले. "झालेलेच पुन्हा करा," नवरा म्हणाला. मामूंनी जीभ चावली. "नाय साहेब. झालेल्या कापडावर परत इस्त्री म्हंजे बेइमानी. बेइमानीनं पोरगी जितायची नाय."

तेव्हा देशमुख काकू, वय वर्षं एकाहत्तर, पुढे झाल्या. त्यांनी इस्त्री केलेल्या कपड्यांची चळत पायरीवर ठेवली आणि तिच्यावर बैठक मारली. नुसती बैठक नाही, चांगल्या दोन्ही अंगांनी हलून मारली. मग उठून एक चुरगळलेला शर्ट मामूंपुढे टाकला. "घ्या. आता तर बेइमानी नाही ना?" त्यानंतर कॉलनीत जे झालं ते मी शाळेत कुणाला सांगितलेलं नाही. सगळे कपड्यांवर बसत होते. जाडजूड माणसांना मुद्दाम घरून बोलावणं गेलं. मी, गणिताची शिक्षिका, योगायोग समजावणारी बाई, माझ्या लग्नाचा शालू दोन्ही हातांनी पिळत होते आणि ओरडत होते, "मामू, हात थांबवू नका!"

मॅच पॉइंटला नेमकं कुणाच्याच हातात काही उरलं नाही. नवऱ्याने अंगातला शर्ट काढून गाड्यावर फेकला आणि तो बनियनवर उभा राहिला. बेटीने चुणी सारखी केली, चेंडू उडवला, मारला. समोरचीचा फटका जाळीत अडकला.

मामूंनी इस्त्री तिथेच सोडली. आधी ते दोन पावलं मागे गेले, मग कडुलिंबाला मिठी मारली, मग माझ्या बनियनवाल्या नवऱ्याला. मग गोल गोल नाचायला लागले. साठी उलटलेला माणूस, पण पाय कसे हलके पडत होते! शर्टातून धूर निघत होता, सगळ्यांना वास येत होता आणि कुणीही इस्त्री उचलली नाही. टीव्हीवर बेटी गुडघ्यांवर बसून रडत होती आणि स्कर्टच्या टोकाने डोळे पुसत होती. त्या स्कर्टचा अगदी बोळा झाला होता. "होऊ दे आता सलवटा," मामू म्हणाले. इतकं सुखी माणूस मी त्याआधी जवळून बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉलनीची इस्त्री फुकट केली. नको म्हटलं तरी घरात शिरून कापड शोधत होते. आमच्या पायपुसण्यालाही घडी पडली. तिच्यावर पाय द्यायला कुणाचा धीर होईना, म्हणून आठवडाभर आम्ही ओल्या पायांनी तिला वळसा घालून जात होतो.

त्या सामन्याने मामूंचा उजवा कोपर मात्र धरला. डॉक्टरांनी तपासून टेनिस एल्बो असं सांगितलं. मामूंना काय आनंद! चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून ते ज्याला त्याला दाखवत सुटले. "खिलाडी लोकांची बीमारी हाय. ऐऱ्यागैऱ्याला व्हत नाय." पण इस्त्री उचलेना. पावसाळ्याआधी त्यांची लेक आली आणि त्यांना सिल्लोडला आपल्या घरी घेऊन गेली. गाडा हलला तेव्हा आम्ही सगळे फाटकाशी उभे होतो. मी काहीतरी चांगलं बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं, "निळ्या शर्टाची भरपाई राहिली बरं का, मामू." ते हसले आणि मीच रडले.

आता फाटकाशी नवा इस्त्रीवाला येतो. विजेची इस्त्री, एकही डाग नाही, टेनिसचं नाव नाही. मी कपडे देते आणि घेते, बोलणं होत नाही. यंदा ऑस्ट्रेलियातली ती स्पर्धा सुरू झाली तेव्हा मी शाळेतून अर्धी रजा टाकून घरी आले आणि टीव्ही लावला. बेटी पहिल्याच फेरीत हरली, तीही कुठल्याशा अनोळखी पोरीकडून. मी तरातरा फोन उचलून सिल्लोडला लावला.

"मामू, बघितलंत? पंचांना डोळे आहेत का? आणि ती तरी काय खेळली! तुमचा हात नाही ना चालत, म्हणून झालं हे सगळं."

पलीकडे मामू थोडा वेळ नुसते हसत होते. मग म्हणाले, "हारू दे भाभी. एक बार जितली ना? आता तिला मजेत खेळू दे. तिच्या घरी तिची अम्मी हाय, ती तिला जेवू घालील. तुमी जेवल्या का?"

मी जेवले नव्हते.