दुसऱ्याच्या दुकानात घातलेली घडी

मित्रांनो, कापड दुकानातली बारा वर्षांची नोकरी मी रागात सोडली, त्याला महिना झाला. अजून घरीच आहे.

आज आईसोबत वडवणीच्या बाजारात दुसऱ्या दुकानात गेलो. ती साड्या बघत होती आणि मी नकळत उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालत बसलो.

ओळखीचा दुकानदार हसला. "घड्या काहून घालतो रे? आज तू गिऱ्हाईक हाय." मग घडी निरखून म्हणाला, "पदर वर, काठ बाहेर. ही तर तुझ्या अण्णांची घडी. त्यांनी तुझ्या जागी अजून कुणाला ठेवलं न्हाई."

अण्णा म्हणजे माझे मालक. नववीत शाळा सुटली, तेव्हा त्यांनीच हात धरून घडी शिकवली. गिऱ्हाइकांसमोर एकदा रागावले, तर मी निरोपही न घेता निघून आलो.

उद्या दुकान उघडताना शटरपाशी जाऊन उभा राहीन. पण आधी काय बोलू? तुम्ही काय बोलला असता?